उभी बाटली, आडवी बाई

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. साधी माणसं रस्त्यावर बसली, घोषणा दिल्या, घसा बसला — तर वर खुर्चीत बसलेल्याला ते ऐकू जातं का? निवडणुकीचा निकाल हलतो का? सरकारचा हुकूम बदलतो का? की आपण ओरडायचं, वर्तमानपत्रात फोटो यायचा आणि त्याच कागदात दुसऱ्या दिवशी भजी बांधून मिळायची?

काही जण मनात म्हणत असतील, "बुवा, कीर्तनात राजकारण आणू नका." नाही आणत! मी फक्त बाटली आणणार आहे. — हसू नका, रिकामी आहे!

आता बघा. पारावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "मोर्च्यानं काही होत नाही." दुसरा म्हणतो, "लोकांनी मनावर घेतलं तर सरकार पडेल!" दोघंही ठामपणे बोलतात. आणि दोघांनीही तपासलेलं नसतं! आपण तपासू. फार लांब नको. एक गाव घेऊ, एक बाई घेऊ, आणि बघू काय होतं ते.

गावाचं नाव शेलूखिंड. दोन डोंगरांच्या मध्ये बसलेलं गाव. वेशीला दोन जुने बुरूज, त्यांच्यामधून एकच रस्ता — एक गाडी आत आली की दुसरीनं बाहेर थांबायचं. वेशीबाहेर एसटीचा थांबा आणि थांब्याला चिकटून देशी दारूचं दुकान. सरकारमान्य! परवाना भिंतीवर, चौकटीत, वर हार घातलेला. दुकान कोणाचं? दिगूशेठचं.

आता दिगूशेठ म्हटल्यावर तुम्ही मिशा पिळणारा राक्षस डोळ्यांपुढे आणलात ना? नाही हो! गोड माणूस. सप्त्याला तांदूळ त्याचा. देवळाचा कळसही त्यानंच दिलेला. म्हणजे वर बघितलं की शेठचा कळस, खाली बघितलं की शेठचं दुकान. माणसानं नजर ठेवावी कुठं?

आणि बाई कोण? अंजिराबाई. तिचा नवरा एका संध्याकाळी त्या दुकानातून निघाला, तो घरी आलाच नाही. ओढ्यात सापडला. ओढ्याला पाणी किती होतं? घोटाभर! घोटाभर पाण्यात माणूस बुडत नाही, मंडळी. तो आधीच बुडालेला होता.

मागं राहिला एक मुलगा, लहानू. तो शेठचीच जीप चालवायचा. दिवसभर शेठच्या गाडीत, संध्याकाळी शेठच्या दुकानातल्या बाकावर — बाप बसायचा त्याच बाकावर! आई रोज दारात उभी राहून वेशीकडं बघायची. पायांचा आवाज आला की कान द्यायची. पावलं सरळ पडतात का वाकडी? तिला क्रांती नको होती. तिला एवढंच हवं होतं — बाप गेला त्या वाटेनं पोरगा जाऊ नये.

मग तिनं काय केलं? बायका गोळा केल्या. पहिल्या दिवशी बायका आल्या त्या कशा? पदर नाकापर्यंत, भिंतीला टेकून, उकिडव्या. अंजिराबाई म्हणाली, "अगं बायांनो, उभ्या तरी ऱ्हावा! दिसाल तरी!"

आणि तीच घोषणा झाली. "बायांनो, उभ्या राहा!" भिंतीवर गेरूनं लिहिलं. दळताना, पाणी भरताना, लग्नाच्या मांडवात — उभ्या राहा! वर्षभर गावात दुसरा शब्द नाही. दुकानापुढं बसल्या, तहसीलवर गेल्या. तहसीलदार म्हणाले, "निवेदन द्या." दिलं. निवेदनावर शिक्का मिळाला — "पोच". एवढं ओरडून फक्त कागद पोचला! आमदारकीचे उमेदवार आले. एक म्हणाला, "निवडून द्या, बघतो." दुसरा म्हणाला, "मीही बघतो." दोघंही आजपर्यंत बघतायत!

पण बायका हटल्या नाहीत. आणि त्यांना कळलं की सरकारचा एक नियम आहे. गावातल्या पुरेशा बायकांनी सह्या करून मागणी केली, तर दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर मतदान घेता येतं. फक्त बायकांचं! — मंडळी, इथं जरा थांबा. हा नियम कुठून आला? आभाळातून पडला? मंत्र्याला सकाळी दात घासताना सुचला? अहो, शेलूखिंडीच्या आधी कुठल्या कुठल्या गावच्या बायका अशाच रस्त्यावर बसल्या असतील, तेव्हा तो कागदावर आला. अंजिराबाईच्या पायाखालची वाट दुसऱ्या कोणाच्या तरी पायांनी पडली होती!

अधिकारी आले, सह्या तपासल्या, तारीख लागली.

आता मतपत्रिका कशी? तिच्यावर दोन चित्रं. एक बाटली उभी, एक बाटली आडवी. उभी म्हणजे दुकान चालू. आडवी म्हणजे दुकान बंद. आवडेल त्या चित्रावर शिक्का. सोपं आहे की नाही? सोपं आहे! पण त्यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या, कारण सगळं आख्यान तिच्यावर टांगलेलं आहे.

समजा, गावात शंभर बायका आहेत. मतदानाला आल्या चाळीस. चाळीसच्या चाळीस जणींनी आडवीवर शिक्का मारला. उभीला एकही मत नाही — शून्य! सांगा, कोण जिंकलं?

काय म्हणता? आडवी?

चूक! उभी बाटली जिंकली! कारण आडवीला आलेल्यांतली निम्मी मतं चालत नाहीत, गावातल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली, शेतात गेली, माहेरी गेली — तिनं बोटाला शाई न लावता उभ्या बाटलीला मत दिलं! न येणं हेसुद्धा मत असतं, मंडळी. आणि ते मत आपलं आपण टाकत नाही, दुसराच वापरतो.

हे गणित गावात दोघांनाच पक्कं कळलं होतं. एक अंजिराबाई. दुसरा — दिगूशेठ.

मतदानाच्या आदल्या दिवशीची दुपार. गावातून एक रिक्षा फिरायला लागली, वर भोंगा. आणि भोंग्यातून काय ऐकू येतंय? "बायांनो, उभ्या राहा! अंजिराबाईंचं ऐका! उद्या उभ्या राहा!"

अंजिराबाई हरखली. गवळणआजीच्या ओट्यावर बसली होती. ही गवळणआजी गावातली सगळ्यांत म्हातारी, दात नाहीत पण जीभ शाबूत! अंजिराबाई म्हणाली, "आजी, ऐकलंस का गं? आपली रिक्षा कुणी काढली म्हणायची?"

आजी म्हणाली, "कुणी का काढंना. माझं ठरलंय. उद्या उभीवर शिक्का!"

"काय?"

"उभीवर! वरीसभर तूच तर सांगतीस, उभी ऱ्हा, उभी ऱ्हा. आडवं मेल्यावर व्हायाचंच हाय की!"

मंडळी! अंजिराबाईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. वर्षभर घसा फोडून तिनं गावाला काय शिकवलं? उभ्या राहा! आणि सरकारनं दारूला चिन्ह काय दिलं? उभी! तिचीच घोषणा, तिचाच शब्द — आणि तो शब्द उद्या दारूच्या पेटीत पडणार! रिक्षा तिची नव्हती. रिक्षा दिगूशेठची होती!

ती धावली. अधिकाऱ्यांकडं गेली. "सायेब, भोंगा बंद करा!" साहेब म्हणाले, "बाई, त्यात दारूचं नाव आहे का? तुमचीच घोषणा आहे ना?" ती म्हणाली, "मग मलाबी भोंगा द्या, मला नीट सांगू द्या." साहेबांनी घड्याळ बघितलं. "प्रचाराची वेळ संपली. आता कोणालाच नाही." जाणाऱ्या रिक्षाकडं ती बघत राहिली. वर्षभर ओरडून कमावलेला आवाज शत्रूच्या भोंग्यात गेला, आणि तिला तोंड उघडायची बंदी!

ती काही दारं फिरली. कुठं समजलं, कुठं नाही. एक म्हणाली, "आता उभी म्हणतीस का आडवी म्हणतीस? एक काय ते ठरव बाई!"

सकाळ झाली. शाळेत मतदान. पांढऱ्या चुन्याची रेष — तिच्या आत प्रचार केला तर गुन्हा — दारात हवालदार, आत अधिकारी. आणि रांग? रांगच नाही! अधिकारी जांभया देतायत. अंजिराबाईनं स्वतःचं मत दिलं, बाहेर आली. बायका गेल्या कुठं?

वेशीकडून हॉर्न ऐकू आला.

वेशीच्या आत जीपगाड्यांची रांग! प्रत्येकीवर झेंडूचे हार, काचेवर देवीचा फोटो. "मोफत देवदर्शन!" शेठनं डोंगरापलीकडच्या देवीला गावातल्या बायकांची सहल काढली होती — त्याच दिवशी! सकाळी निघायचं, अंधार पडल्यावर यायचं. बायका नव्या साड्या नेसून बसलेल्या, हातात ओटीची ताटं. दारू प्या म्हणाला का शेठ? नाही! मत देऊ नका म्हणाला का? मुळीच नाही! तो म्हणाला, देवीला चला! मायबापहो, न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत देते, आणि शेठ त्या बायकांना गाडीत भरून देवीकडं नेत होता! पुण्य त्यांचं, मत त्याचं!

पहिल्या जीपवर ड्रायव्हर कोण? लहानू! डोळे लाल. सकाळीसकाळी लाल!

अंजिराबाई धावत दोन बुरुजांच्या मध्ये आली. काय बोलणार? प्रचार बंद. शब्द तर शेठनं पळवलेला. तिनं गाडीकडं बघितलं. काचेवरच्या देवीकडं बघितलं. पदर खोचला — आणि रस्त्यात आडवी झाली! पहिल्या जीपच्या चाकापुढं. सपशेल. हात जोडून पुढं केलेले.

मृदंगबुवा, थांबा. इथं ताल नको.

लहानूनं काचेतून डोकं काढलं. "आये, ऊठ."

"न्हाई."

"आये, शेठ बघतोय."

"बघू दे. समदेच बघतो म्हनत्यात."

शेठ बाजूला उभा. आवाज न चढवता म्हणाला, "लहानू, गिअर टाक. आपोआप उठेल."

इंजिन गुरगुरतंय. लहानूचा हात गिअरवर. तो किती शुद्धीत आहे, ते गाडीतल्या सगळ्या बायकांना वासावरून कळतंय. गिअर पडला. गाडी वीतभर पुढं सरकली! बायका किंचाळल्या. ताटातले नारळ गडगडत खाली आले. अंजिराबाईच्या कपाळावर धूळ उडाली. ती हलली नाही. आता पाय ब्रेकवर आहे की दुसरीकडं, हे त्या पायालाच माहीत!

गाडी थांबली. एवढं अंतर राहिलं होतं — हे बघा, या टाळाएवढं.

हवालदार पळत आला. "बाई, उठा! प्रचार संपलाय. रस्त्यात झोपून प्रचार करता का?"

अंजिराबाई तशीच पालथी. म्हणाली, "कसला परचार, दादा? गाडीवर देवी हाय न्हवं? देवीला दंडवत घालतीय."

हवालदारानं काचेकडं बघितलं. देवी आहे! मागं वळून चुन्याच्या रेषेकडं बघितलं. ती पार लांब, शाळेपाशी! आता दंडवताला कोणतं कलम लावायचं? बिचाऱ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि टोपी काढलीच आहे तर देवीला नमस्कार करून घेतला.

तेवढ्यात जीपमधून गवळणआजीचा आवाज आला, "अगं ए अंजिरे! वरीसभर उभ्या ऱ्हावा म्हनून आमचं डोकं खाल्लंस, आन् आज तूच आडवी?"

अंजिराबाईनं मान वर केली. सगळ्या जीपगाड्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय आजी. आज आडवीच!"

बास. एवढंच.

चावडीवर चिकटवलेला मतपत्रिकेचा नमुना सगळ्यांनी पाहिलेला होता. एकीनं दुसरीकडं बघितलं. आणि काहीतरी हललं, मंडळी! कोणीतरी हळूच म्हणालं, "आडवी... अगं, आडवी!" हा शब्द मागच्या जीपमध्ये गेला, तिथून त्याच्या मागच्या. भोंगा नाही, रिक्षा नाही! आणि मग एक बाई ओटीचं ताट घेऊन खाली उतरली. दुसरी उतरली. आजीला दोघींनी बखोटीला धरून उतरवलं. नव्या साड्या, डोक्याला गजरे, हातात ताटं — आणि सगळी रांग वळली शाळेकडं!

लहानूनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. तो खाली उतरून आईच्या शेजारी धुळीत बसला. म्हणाला, "आये, बिरेक लागला नसता तर?"

ती उठून बसली, कपाळ पुसलं. म्हणाली, "लागला न्हवं? मग आता पाणी आन."

जिंकलो असं वाटतंय ना तुम्हाला? थांबा! घाई करू नका.

संध्याकाळी मोजणी. शाळेबाहेर सगळं गाव. आजी अंजिराबाईला म्हणाली, "म्या केलं बरं का बरोबर. कागद हातात आडवा धरला, आन् मारला शिक्का आडवीवर!"

"कागद आडवा धरलास?"

"तू म्हनालीस की, आज आडवी!"

आता बघा हं — ही माझी चिपळी घ्या. उभी धरली. मी मान आडवी केली, तर ती कशी दिसेल? आडवी! कागद आडवा धरला की उभी बाटली आडवी दिसते, आणि आडवी बाटली उभी! आजीनं जी आडवी पाहिली ती खरी उभीच होती! आणि आजी बाहेर येऊन रांगेतल्या किती जणींना हे शहाणपण सांगून बसली होती, कोणाला माहीत! अंजिराबाई खाली बसली. चाकापुढं झोपताना भ्याली नव्हती ती बाई — आता भ्याली. आत एकेक कागद उलगडतोय. शेठ कडुनिंबाखाली उभा. लहानू आईच्या मागं उभा, आणि त्या दिवशी मतदानापायी दुकान बंद नसतं तर तो तिथं गेला असता की नसता, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

साहेब दारात आले. कागद वाचला. गावातल्या एकूण बायकांच्या निम्म्याच्या — वर! थोडंच वर. अगदी थोडं. पण वर! आडवी बाटली जिंकली!

आणि गवळणआजी? सगळं कळल्यावर ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "माझ्यापायी हरलो असतो गं!" अंजिराबाईनं तिला पोटाशी धरलं. म्हणाली, "आजी, म्हनून तर येवढ्या जणी लागत्यात. एखादी चुकली तर बाकीच्यांनी भरून काढायचं."

मंडळी, हे वाक्य घरी घेऊन जा! आपण म्हणतो, चार शहाणी माणसं पुरेत. नाही पुरत! माणूस चुकणार. कागद आडवा धरणार. ती चूक पोटात घेण्याएवढी माणसं लागतात. आंदोलन मोठं कशाला हवं? ओरडायला नव्हे — चुकायला!

आता खरं उत्तर. दुकान बंद झालं, हुकूम आला. म्हणून दारू संपली का? खोटं कशाला सांगू? पलीकडच्या फाट्यावर मिळतेच. लहानू सुरुवातीला तिकडं गेला. मग कधी कधी गेला. मग एकदा अर्ध्या वाटेतून परत आला. आईनं विचारलं, "काय रं?" म्हणाला, "लांब हाय." — अहो, एवढंच तर हवं होतं तिला! वेशीवर होती ती लांब गेली. दोन पावलांची वाट मैलभर झाली, आणि त्या मैलात माणसाला विचार करायला सवड मिळाली.

आणि निवडणूक? पुढच्या ग्रामपंचायतीला पॅनलवाले अंजिराबाईच्या दारात. हात जोडून म्हणतात, "बाई, आमच्याकडून उभ्या राहा!" ती पोट धरून हसली. म्हणाली, "ऱ्हाते. पन गरज पडल तवा आडवं व्हायाची मुभा पायजे!" ती निवडून आली की नाही, ते मी सांगणार नाही. कारण पुरावा तिथं नाहीच! पुरावा दुसरीकडं आहे. दिगूशेठच्या पॅनलनं जे पत्रक छापलं, त्यावर पहिलं वचन काय होतं, सांगू? "गावातली दारूबंदी कायम ठेवू." — दिगूशेठच्या पत्रकावर! आपला माणूस जिंकणं वेगळं, आणि समोरच्याला आपलं म्हणणं छापावं लागणं वेगळं. सरकार असं हलतं, मंडळी. कळसासकट हलतं!

आता तुमच्याकडं वळतो. मान खाली घालू नका, अजून मी काही बोललो नाही!

पाण्यासाठी तुम्ही मोर्चा काढलात. हंडे घेऊन गेलात, फोटो आले, छान आले. त्या पाण्यावर ठराव करायला मागच्या आठवड्यात तुमची ग्रामसभा होती. ती का झाली नाही? पुढं बसलेले हसतायत, म्हणजे माहीत आहे! गणसंख्या भरली नाही. सभा तहकूब! तुमच्यातले काही शेतात होते, काही लग्नाला. आणि खरं सांगू? काही जण त्या वेळी याच मंडपात कीर्तनाला होते. म्हणजे मीच तो जीपवाला ठरलो! देवाच्या नावाखाली तुम्हाला नेणारा!

तो बघा, गाभाऱ्यात उभा आहे. आपण त्याच्यापुढं आडवे होतो, कारण तो कधी गैरहजर नसतो. बाकी जे जे गावात उभं आहे, ते कोणाच्या गैरहजेरीवर उभं आहे, एवढं शोधा.

परवा सकाळी ग्रामसभा परत भरतेय. परवा इथं कीर्तन नाही, मी चावडीवर येऊन बसणार आहे. गावचा नाही, हात वर करता येणार नाही, पण रिकामी सतरंजी किती मोठी दिसते ते तरी बघेन.

आता शेवटी आपण जयजयकार करतो. आज देवाचं नाव नंतर घेऊ. आधी हजेरी घेऊ. मी एकदाच पुकारतो, आणि जो परवा खरंच येणार असेल त्यानंच तोंड उघडायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं — गप्प बसलेल्यांचं मत कोणाला जातं, ते तुम्हाला आता कळलंय!

मृदंगबुवा, हात तयार ठेवा. बोला, मंडळी —

हजर?